कात्री न लावता

शिल्पा : आजी, तुम्ही जरा खिडकीपासून सरकून बसा. उजेड अडतोय मला.

पंचफुलाबाई : बसते की. पण तिथनं मला दिसलं पायजे. कात्री कुठं ठेवतीस तू?

शिल्पा : त्या खणात.

पंचफुलाबाई : काढ अन् माझ्या हातात दे.

श्रद्धा : आजी, असं काय करतेस? त्यांचं पार्लर आहे.

पंचफुलाबाई : असू दे. घरून निघताना ठरलंय ते ठरलंय. एक केसबी कापायचा न्हाई. हातानं, कंगव्यानं सुटली तर सुटली. देवीची जट असली तर ती सुटायची न्हाई. मग पुनवेला तू मुकाट माझ्यासंगं देवीला यायचं, जटंची पूजा करून घ्यायची, अन् परत जलमात त्या डोक्याला कंगवा लावायचा न्हाई.

श्रद्धा : आणि सुटली तर सोमवारी मी लातूरला, कॉलेजला. त्यावर परत कुणी बोलायचं नाही. तू पण नाही आणि बाबा पण नाहीत.

पंचफुलाबाई : हाव. जबान दिली म्हणलं ना.

शिल्पा : ही घ्या कात्री. पदराखाली नका ठेवू, टोचेल. तुमची गाडी कितीची आहे?

पंचफुलाबाई : किल्लारीची पाचला हाय. त्याच्या आत झालं तर झालं.

शिल्पा : आता साडेदहा वाजलेत. श्रद्धा, मान खाली घे. अजून. हे लाल काय आहे?

श्रद्धा : कुंकू. आणि हळद. आजीनं लावलंय, आठ दिवस झाले.

शिल्पा : त्यावर तेल?

पंचफुलाबाई : गोडंतेल. रोज. जटंला कोरडं ठेवत न्हाईत.

शिल्पा : म्हणजे आधी हे काढण्यातच तास जाणार. बरं. गाठ अंड्याएवढी आहे, मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर. बाकीचे केस मोकळे आहेत. कधी लक्षात आली?

श्रद्धा : दवाखान्यातून घरी आल्यावर. मला डेंग्यू झाला होता. बारा दिवस ॲडमिट होते लातूरला. पहिले पाच-सहा दिवस तर मला काही आठवतच नाही.

शिल्पा : सोबत कोण होतं?

पंचफुलाबाई : मीच की. हिची माय शाळेवर, परीक्षा चालू होत्या. हिचा बाप, वैजनाथ, सकाळी डबा टाकायचा अन् जायचा. बारा दिवस मी त्या स्टुलावर काढले.

शिल्पा : बारा दिवसांत केस विंचरले?

पंचफुलाबाई : ताप एकशे चार. इंचरायचं सुचतंय का कुणाला?

शिल्पा : विचारलं फक्त. श्रद्धा, पाणी गार लागेल.

(शिल्पा फवारणीच्या बाटलीनं केस भिजवते.)

पंचफुलाबाई : हे काय, कपड्याला इस्त्री करताना मारतेत तसलं?

शिल्पा : तेच. कुरळ्या केसाला कोरडा कंगवा लावायचा नाही. आधी ओला करायचा. हे कंडिशनर. केस बुळबुळीत होतो, एकमेकांवरून घसरतो.

पंचफुलाबाई : किती चोपडलीस. पुरणपोळीला तूप लावत न्हाईत एवढं.

शिल्पा : आज कंजुषी केली तर सुटणार नाही.

पंचफुलाबाई : अन् आता बसून काय राहिलीस? फणी घे की.

शिल्पा : वीस मिनिटं मुरू द्यायचं. आणि फणी नाही वापरायची आजी. फणी उवा काढायला. हिच्या केसात फणी घातली की गाठ सुटत नाही, खाली ढकलली जाते आणि आवळते. घरी कशानं विंचरता हिला?

श्रद्धा : फणीनंच. लहानपणापासून. रविवारी न्हाऊन झालं की मी गच्चीवर पळायचे आणि आजी फणी घेऊन मागं.

पंचफुलाबाई : मग काय करावं? पोरीचं डोकं म्हणजे बाभळीचं झाड. कपडा वाळू घातला तर परत निघायचा न्हाई.

श्रद्धा : तुझ्यावरच गेलेत म्हणतात सगळे.

पंचफुलाबाई : म्हणतेत खरं.

शिल्पा : बघा, हा कंगवा. दात किती लांब लांब आहेत.

पंचफुलाबाई : हा कंगवा हाय का दाताळं? याच्यातनं उंदीर निघून जाईल.

शिल्पा : निघू द्या. आधी टोकाला विंचरायचं, मग जरा वर, मग अजून वर. मुळापासून खाली ओढायचं नाही. माझ्याकडनंच एका मुलीचं नुकसान झालं होतं, म्हणून शिकले. नणंदेची मुलगी. असेच केस. लग्न होतं घरात, तर मी गरम पट्टीनं सरळ करून दिले. दोन दिवस छान दिसली. मग पुढचे केस हातात यायला लागले. वर्षभर ओढणी घेऊन फिरली पोरगी. नणंद अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

पंचफुलाबाई : आमच्या पोरीवर शिकलीस न्हाई म्हणजे नशीब.

शिल्पा : हिच्यावर पण शिकतेच आहे. एवढी गाठ मी आधी सोडवलेली नाही. सुटेलच असं मी फोनवर पण बोलले नव्हते.

श्रद्धा : हो. त्यांनी सांगितलं होतं मला.

पंचफुलाबाई : मला न्हाई सांगितलं.

श्रद्धा : सांगितलं असतं तर तू आली असतीस का?

पंचफुलाबाई : आले असते की. मला तरी हौस हाय का, पोरीच्या डोक्यावर जट घालायची?

शिल्पा : चला. श्रद्धा, दुखलं की सांगायचं. हे चाप धरा आजी. मी सोडवलेली बट बाजूला घेईन, तुम्ही चाप द्यायचा. नाहीतर सुटलेली परत जाऊन अडकते.

पंचफुलाबाई : मी कशाला? मी तर सुटू नये म्हणणारी.

शिल्पा : तुमचे हात मोकळे आहेत म्हणून.

पंचफुलाबाई : आण. किती हायेत, बारा? लोकं वळण लावायला चाप लावायचे, हिला आवरायला लावायलेत.

शिल्पा : ही पहिली. बघा, बाहेरचे केस गाठीत नाहीतच. नुसते वर गुंडाळलेत. या कंगव्याच्या शेपटीनं एक-एक उचलायचा. सरळ केस असता तर आपोआप घसरला असता. हा स्प्रिंगसारखा वळलेला, दुसऱ्याला धरून बसतो. त्यात घाम, आणि डोकं बारा दिवस उशीवर इकडून तिकडे.

पंचफुलाबाई : मग गावातल्या समद्या तापकऱ्या पोरींला व्हायला पायजे जट.

शिल्पा : कुरळे असतील आणि कुणी विंचरलं नाही तर होते पण. सुती खोळ केसाला धरून ठेवते. म्हणून मी हिला सॅटिनची खोळ द्यायला काढून ठेवलीय. गुळगुळीत असते.

पंचफुलाबाई : चाप घे.

श्रद्धा : आजी, किती झाले?

पंचफुलाबाई : चार. हलू नको. ती काम करलालीय.

शिल्पा : दुखतंय?

श्रद्धा : मान अवघडलीय. चालेल. ताई, समजा नाही सुटली, तर ही वाढत जाते?

शिल्पा : हात नाही लावला तर वाढते. शेजारचे केस आत ओढत जाते.

श्रद्धा : माझ्या बॅचला नव्वद मुली आहेत. हे घेऊन पहिल्या बाकावर बसायचं. मागच्या सगळ्या माझं डोकंच बघणार.

पंचफुलाबाई : बघू दे. पाया पडतील.

श्रद्धा : लातूरला पाया नाही पडणार आजी. फोटो काढतील.

शिल्पा : डोकं सरळ ठेव. बोलताना हलतेस.

पंचफुलाबाई : शिकून डॉक्टर व्हायचं हाय तिला. मी कुठं नको म्हणलं? जट असून काय शिकता येत न्हाई?

श्रद्धा : तूच म्हणालीस, शुक्रवारी जोगवा मागायचा, पाळीत बाहेर बसायचं, दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही. मेसमध्ये कोण बसणार मला वेगळं वाढायला?

पंचफुलाबाई : मपल्या जटंसाठी मी केलं ना समदं.

श्रद्धा : तू मेसमध्ये नव्हतीस.

शिल्पा : आजी, चाप.

पंचफुलाबाई : हं.

शिल्पा : एक वाजला. तुम्ही दोघी डबा खाऊन घ्या. मी पाणी पिते. अर्धी सुटलीय. आधी अंड्याएवढी होती, आता लिंबाएवढी.

पंचफुलाबाई : ही खाली पडलेली काय एवढी? केस हायेत. तुटायलेत की.

शिल्पा : तुटलेले नाहीत, गळलेले आहेत. माणसाचे रोज थोडे गळतातच. विंचरलं तर कंगव्यात येतात. हिचे कुठं जाणार, आतच राहिले. हे टोक बघा, पांढरी गाठ दिसते ना? ते मूळ. कापलेल्या केसाला मूळ नसतं.

पंचफुलाबाई : माझा चष्मा दे श्रद्धा. हाव. हाय मूळ. पण टाकू नको ते. सगळे एका कागदात घाल, मी घेऊन जाईन. पायाखाली येऊ नयेत.

श्रद्धा : केसावर भांडी देणारी येते ना, तिला दे. चमचा तरी मिळेल.

पंचफुलाबाई : चेष्टा सुचून राहिली. भाकरी खा.

शिल्पा : झालं का? बसा.

श्रद्धा : आजीनं मला ठेचा दिला नाही. ताप येऊन गेलाय म्हणून.

पंचफुलाबाई : महिनाभर न्हाई.

शिल्पा : आता हळू जाईल काम. आतला भाग घट्ट आहे. अजून कंडिशनर लावते.

पंचफुलाबाई : चाप किती उरले?

शिल्पा : नंतर लागतील. आत्ता नाही.

श्रद्धा : ताई, का थांबलात?

शिल्पा : थांबले नाही. चाचपतेय. आत काहीतरी कडक आहे. शेपटी आत जात नाही.

पंचफुलाबाई : किती वाजले?

शिल्पा : पावणेतीन.

पंचफुलाबाई : म्हणले न्हवतं? जटंच्या आत गाभा असतो. तिथं कुणाचा हात जात न्हाई. माझी जट पण एकीनं सोडून बघितली होती, भूकंपानंतर शेडमधी. वरची सुटली अन् आत गेली की तिचा हातच थरथरायला लागला.

शिल्पा : माझा हात चार तासांपासून थरथरतोय आजी. त्याला गाभा नाही लागत.

श्रद्धा : राहू दे ताई.

शिल्पा : काय राहू दे?

श्रद्धा : नसेल सुटत तर राहू दे. तुम्ही सकाळपासून उभ्या आहात.

शिल्पा : तू रडू नकोस. मान हलते. आजी, तुम्ही तो लाइट जरा जवळ धरा. असा नाही, वरून.

पंचफुलाबाई : धरला. मला तर बघायचंबी धाडस होईना.

शिल्पा : बघा. तुम्हीच बघायला पाहिजे. केस काळे ना हिचे?

पंचफुलाबाई : काळेच.

शिल्पा : मग हे निळं काय आहे?

पंचफुलाबाई : कुठं?

शिल्पा : माझ्या नखापाशी. रबर आहे, आजी. निळं रबर. केस त्याच्याभोवती गुंडाळत गेलेत. घामानं चिकटून घट्ट झालंय, म्हणून कडक लागत होतं.

श्रद्धा : रबर? मी रबर लावतच नाही. मी कापडाचा फुगीर बँड वापरते, मोठा. रबरनं माझे केस तुटतात.

शिल्पा : मग कुणी लावलं?

श्रद्धा : आजी? आजी, काय झालं?

पंचफुलाबाई : काही न्हाई. लाइट जड हाय.

शिल्पा : द्या इकडं.

पंचफुलाबाई : औषधाच्या दुकानातनं गोळ्यांचा पुडा आला होता. त्याला रबर होतं. निळं. नर्स म्हणाली, आजी, हिचे केस तोंडावर येतेत, मास्क बसंना, काहीतरी बांधा. रात्रीचे दोन-तीन वाजले असतील. तुपला तो बँड कुठं शोधू? पुड्याचं काढलं अन् बांधलं मी. तीन-चार येढे दिले.

श्रद्धा : मग सोडलं नाहीस?

पंचफुलाबाई : दुसऱ्या दिवशी प्लेटलेट अठरा हजारावर आल्या. रबर कुणाच्या ध्यानात राहतंय?

श्रद्धा : असू दे आजी.

पंचफुलाबाई : असू दे काय? बांधलं मी. अन् घरी आल्यावर हळद-कुंकूबी मीच लावलं.

शिल्पा : आजी, हे रबर ओढून निघणार नाही. केस उपटतील. कापावं लागेल. केस नाही, रबर. पण ठरलंय तुमचं, म्हणून विचारते.

पंचफुलाबाई : इचारतीस काय. रबर देवीचं न्हाई. दुकानाचं हाय.

शिल्पा : मग कात्री द्या.

पंचफुलाबाई : मी कापते.

शिल्पा : तुम्हाला दिसेल?

पंचफुलाबाई : तू बोटानं दाखव. बांधलं तवाबी अंधारच होता.

शिल्पा : इथं. टोक आत घाला, केस मी खाली दाबून धरते. अजून थोडं. आता.

पंचफुलाबाई : कापलं?

शिल्पा : एक वेढा. अजून दोन आहेत. हं. आणि हा. सोडा कात्री.

श्रद्धा : सैल झालं. मला कळलं.

शिल्पा : हो. आता उरलेलं अर्ध्या तासाचं. आजी, चाप द्या.

पंचफुलाबाई : घे. सगळेच घे.

शिल्पा : श्रद्धा, बेसिनपाशी चल. चक्कर येत नाही ना? तापातून उठलीस, हळू. टॉवेल नको आजी, तो जुना टी-शर्ट द्या. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, टी-शर्टनं दाबायचं फक्त.

पंचफुलाबाई : अन् ड्रायरला हे काय, झारा लावलाय का?

शिल्पा : त्यानं वारा पसरतो, वळणं विस्कटत नाहीत. लांबून धरायचा, गरम नाही करायचा. घरी नसेल तर सावलीत वाळवायचे. बघ आरशात.

श्रद्धा : मागून दिसत नाही. आजी, तू सांग.

पंचफुलाबाई : काय सांगू. हायेत. आधी व्हते तसे.

शिल्पा : ही पिशवी घे. रुंद दातांचा कंगवा, उशीची खोळ, फवारणीची बाटली. रात्री केस डोक्यावर सैल बांधायचे, कापडाच्या बँडनं. घट्ट नाही.

श्रद्धा : हो ताई. आजी, तुझी कशी झाली होती? कधी सांगितलं नाहीस.

पंचफुलाबाई : आता काय काढायचं ते.

श्रद्धा : सांग की. सव्वाचारच वाजलेत.

पंचफुलाबाई : भूकंपाच्या आधी माझी वेणी तारामती घालायची. माझी नणंद. मपले केस मपल्या हातानं आवरत न्हवते, तुपल्यासारखेच. ती अंगणात बसवायची, पायात डोकं धरायची अन् घालायची. भूकंपात ती गेली. मग पत्र्याच्या शेडात सगळी. तीन महिने मी डोक्याला हात लावला न्हाई. कुणी म्हणलंबी न्हाई, ये घालते. सगळ्यांच्याच घरातलं कुणी ना कुणी गेलेलं. मग एक दिवस शेजारची म्हणाली, पंचफुला, तुला देवी आलीय. दुसऱ्या दिवशी बाया पाया पडायला लागल्या.

श्रद्धा : मग?

पंचफुलाबाई : मग काय. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तवर मला कुणी इचारत न्हवतं.

शिल्पा : दुखते का आता?

पंचफुलाबाई : मान दुखती. डाव्या कुशीवर बत्तीस वर्षांत झोपले न्हाई. सवय झाली. श्रद्धा, चपला घाल. ती पिशवी घे. केसाचा कागद माझ्याकडं दे.

शिल्पा : आजी, सांभाळून. पायरी उंच आहे.

पंचफुलाबाई : दुकान बंद कधी असतंय तुपलं?

शिल्पा : मंगळवारी.

पंचफुलाबाई : मंगळवारी येऊ का मी?

शिल्पा : बंद असतं ना आजी.

पंचफुलाबाई : म्हणूनच इचारलालेय. बायाबापड्या नसतील.

श्रद्धा : आजी?

पंचफुलाबाई : तू लातूरला जा. तुझा काय संबंध?

शिल्पा : आजी, खरं सांगते. आशेला लावत नाही. तुमची सुटायची नाही. बत्तीस वर्षांची आहे. कापावीच लागेल.

पंचफुलाबाई : कापायचं म्हणलं का मी?

शिल्पा : मग काय करायचं?

पंचफुलाबाई : शेडात गव्हाची पोती यायची वाटायला. त्याच्या तोंडाची सुतळी मी ठेवून घेतली होती. केस आवरायला बांधली होती का, बांधून परत सोडली होती, मला याद येईना. आत हाय का, तेवढं बघ.